अंडरग्राउंड कोळसा खाणीचं प्लॅनिंग: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि उत्तरं

चंद्रपूर, वणी, उमरेड, सावनेर आणि पलीकडे छिंदवाड्याच्या परासिया पट्ट्यातून हेच प्रश्न सारखे येत राहतात. कोणी ओव्हरमनच्या (खाणीतल्या पाळीच्या सुपरवायझरच्या) परीक्षेची तयारी करतंय, कोणी इंजिनिअरिंगला आहे, काहींचं घरच जुन्या खाणीच्या वर आहे. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढलंय. सोपे प्रश्न आधी घेतलेत, किचकट नंतर, आणि जिथे एकाच गोष्टीला दोनदा हात लागतो तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. खालून कोळसा काढायची गरजच काय? वरची माती काढून सरळ ओपनकास्ट का करत नाहीत?

करतातच की. भारतातला बहुतेक सगळा कोळसा ओपनकास्टमधूनच येतो, अंडरग्राउंडचा वाटा शंभर टनांत तीन-चार टन एवढाच उरलाय. एक टन कोळशामागे किती घनमीटर माती-दगड उचलावा लागतो त्याला स्ट्रिपिंग रेशो म्हणतात, सीम, म्हणजे कोळशाचा थर, जशी खोल जाते तसा हा आकडा वाढत जातो आणि एका खोलीनंतर परवडत नाही. दुसरं म्हणजे वर गाव असेल, जंगल असेल, नदी असेल तर वरून उकरताच येत नाही. उथळ कोळसा आता संपत चाललाय, म्हणून सरकारनं २०३० पर्यंत अंडरग्राउंडमधून १०० दशलक्ष टनांचं टार्गेट ठेवलंय, आणि २०२५ मध्ये लिलावातल्या अंडरग्राउंड ब्लॉकसाठी महसुलातल्या वाट्याची किमान अट ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणली.

२. प्लॅनिंग नक्की कुठून सुरू होतं?

बोअरहोलपासून. जमिनीत बोअर मारून जो कोअर (दगडाचा लांब गोल नमुना) वर येतो त्यावरून सीमची जाडी, खोली, उतार, ग्रेड, छतात काय दगड आहे, फॉल्ट (थर तुटून वर-खाली सरकलेल्या जागा) कुठे आहेत हे सगळं कळतं आणि त्याचा जिओलॉजिकल रिपोर्ट बनतो. कोल इंडियाच्या खाणींचं हे काम सीएमपीडीआय ही तिचीच प्लॅनिंग कंपनी बघते, तिचं एक रिजनल ऑफिस नागपूरला आहे. रिपोर्ट हातात आला की नवीन माणूस सगळ्यात आधी रिझर्व्हचा आकडा बघतो. माझं म्हणणं असं की आधी फॉल्ट आणि छत बघा, कारण दोन बोअरच्या मधे फॉल्ट लपला असेल तर चालू गॅलरी (कोळशात काढलेला बोगदा) सरळ दगडात घुसते, मग सीम वर गेली का खाली गेली हे शोधण्यात महिने जातात आणि कागदावरचं उत्पादन कागदावरच राहतं.

३. खाली उतरायला इन्क्लाइन चांगला का शाफ्ट?

सीम उथळ असेल तर इन्क्लाइन, खोल असेल तर शाफ्ट, म्हणजे सरळ उभी विहीर. इन्क्लाइन म्हणजे तिरका रस्ता, चारास एक किंवा पाचास एक असा उतार धरतात म्हणजे कोळसा बेल्टवरून वर येतो. १०० मीटर खोल जायला पाचास एकच्या उतारात अर्धा किलोमीटर लांब इन्क्लाइन लागतो, ३०० मीटरला दीड किलोमीटर, तिथे शाफ्टच बरा. काहीही निवडलं तरी बाहेर पडायचे निदान दोन वेगळे मार्ग पाहिजेतच, तो कायदाच आहे. हवाही एका मार्गानं आत जाते आणि दुसऱ्यानं बाहेर येते.

४. बोर्ड अँड पिलर म्हणजे काय, आणि पिलर केवढा ठेवायचा हे कोण ठरवतं?

सीममध्ये आडव्या-उभ्या गॅलऱ्या काढायच्या, मधे कोळशाचे चौकोन उभे ठेवायचे, जुन्या पेठेतल्या गल्ल्या आणि वाडे असतात ना तसा नकाशा दिसतो. हे चौकोन म्हणजे पिलर, वरचं सगळं ओझं त्यांच्यावर. पिलरचं किमान माप कोल माइन्स रेग्युलेशन्समधल्या टेबलातून येतं. खोली आणि गॅलरीची रुंदी या दोन गोष्टी घ्यायच्या आणि दोन पिलरच्या केंद्रांमधलं अंतर वाचायचं. साध्या कामात गॅलरी ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच करता येत नाही.

उदाहरण घेऊन करू. खोली १२० मीटर, गॅलरी ४.२ मीटर. टेबल सांगतं की केंद्र ते केंद्र २२.५ मीटर, म्हणजे उभा पिलर १८.३ मीटरचा चौरस. आता २२.५ चा वर्ग ५०६ चौरस मीटर, १८.३ चा वर्ग ३३५, म्हणजे डेव्हलपमेंटमध्ये (गॅलऱ्या काढायच्या पहिल्या फेरीत) साधारण ३४ टक्के कोळसा निघाला आणि ६६ टक्के उभा राहिला. हीच सीम २०० मीटरवर असती तर ३०.५ मीटरचं अंतर लागलं असतं आणि फक्त २६ टक्क्यांच्या आसपास निघाला असता. ३६० मीटरपेक्षा खोल ४.८ ची गॅलरी घेतली तर अंतर ४८ मीटर, हातात येतो जेमतेम १९ टक्के. खोल गेलं की पहिल्या फेरीत एवढाच पदरात पडतो.

५. मग उरलेला कोळसा काय तसाच सोडून देता?

नाही, तो डिपिलरिंगमध्ये, म्हणजे पिलर काढायच्या दुसऱ्या फेरीत, काढायचा असतो. आणि माझ्या मते सगळ्या प्लॅनिंगचा जीव इथेच आहे. पिलर शेवटी कसे काढणार, छत पाडून का वाळू भरून, कुठून सुरू करून कुठे संपवणार, हे पहिली गॅलरी मारायच्या आधी ठरलं पाहिजे. होतं उलटं. टार्गेट गाठायचं म्हणून डेव्हलपमेंट सुसाट पुढे नेतात, गॅलऱ्यांचं जाळं पसरवून ठेवतात, आणि वीस वर्षांनी कळतं की वर वस्ती झालीय, पॅनलच्या (खाणीच्या एकेका वेगळ्या भागाच्या) मधे कोळशाचं बॅरियर ठेवलेलं नाही, अर्ध्या भागात पाणी भरलंय. मग ते पिलर तसेच अडकून पडतात. देशभरात असा अडकलेला कोळसा प्रचंड आहे.

प्रत्यक्ष डिपिलरिंगमध्ये एक पिलर मधून स्प्लिट करतात, मग स्लाइस घेत घेत मागे येतात, गोफच्या बाजूला पातळ रिब (कोळशाची पट्टी) सोडतात आणि ब्रेकर लाइनला (गोफच्या कडेला) सपोर्ट लावतात. गोफ म्हणजे कोळसा काढून झालेली मोकळी जागा. तिथलं छत वेळेवर पडलं पाहिजे. आपल्याकडे बराकर सँडस्टोन या वाळूच्या दगडाचं जाड छत कधी कधी पडतच नाही, लटकत राहतं, आणि मग एकदम मोठं क्षेत्र खाली आलं की हवेचा असा झोत येतो की माणूस फेकला जातो. म्हणून छत फार लटकलं तर बोअर मारून ब्लास्टिंगनं पाडतात, याला इंड्यूस्ड ब्लास्टिंग म्हणतात. हे बोअर कधी मारायचे, कुठून मारायचे, हेही प्लॅनमध्ये लिहिलेलं पाहिजे, ऐनवेळी सुचून उपयोग नाही.

६. पॅनल केवढं ठेवावं? मोठं ठेवलं तर वरचेवर शिफ्टिंग नको ना?

शिफ्टिंग वाचतं हे खरं, पण कोळसा स्वतःहून तापतो. गोफमध्ये राहिलेला चुरा हवेतला ऑक्सिजन घेत घेत गरम होतो आणि एक दिवस पेटतो. सुरुवातीपासून पेटेपर्यंतचा काळ म्हणजे इन्क्युबेशन पिरियड, प्रत्येक सीमचा वेगळा. पॅनल त्याच्या आत काढून संपवून सील करायचं, हा नियम आहे आणि त्यातूनच पॅनलचं माप येतं.

प्रश्न ४ मधलंच उदाहरण पुढे नेऊ. १८.३ मीटरचा पिलर, ३ मीटर उंची, घनमीटरला १.४ टन धरला तर एका पिलरमध्ये साधारण १,४०० टन. सगळा येत नाही, ७५ टक्के हाती लागला तर १,०५० टन. पॅनल ४० पिलरचं केलं तर ४२,००० टन. रोज २५० टन निघत असेल तर १६८ दिवस लागतात, महिन्याला २५ कामाचे दिवस धरले तर पावणेसात महिने. इन्क्युबेशन नऊ महिन्यांचा असेल तर बसतं, वर ब्रेकडाउन आणि पावसाळ्याला थोडी जागाही राहते. तेच ६० पिलरचं पॅनल केलं तर दहा महिने, म्हणजे कागदावरच आग लागली.

पॅनलभोवती सलग कोळशाचं बॅरियर ठेवतात आणि आत जायच्या वाटा मोजक्याच. त्या प्रत्येक वाटेवर आयसोलेशन स्टॉपिंगची (वाट बंद करायच्या भिंतीची) तयारी डिपिलरिंग सुरू व्हायच्या आधी झालेली पाहिजे, भिंतीला खाच मारून, विटा-वाळू-सिमेंट जवळ आणून ठेवून. तापायला लागलेल्या पॅनलची खूणही लक्षात ठेवा: भिंतींना घाम फुटल्यासारखे थेंब, हवेत धुरकटपणा, आणि पेट्रोल-रॉकेलसारखा वास. वास येईपर्यंत मात्र उशीर झालेला असतो, त्यामुळे रिटर्नच्या (बाहेर पडणाऱ्या) हवेचे नमुने घेऊन कार्बन मोनॉक्साइड आणि कमी झालेला ऑक्सिजन यांचा रेशो काढत राहायचं, त्याला ग्रॅहम्स रेशो म्हणतात. एका आकड्यावरून घाबरू नका आणि निश्चिंतही राहू नका, आकडा चढतोय का ते बघा.

७. हवा किती लागते, कशी काढायची?

दोन हिशोब करायचे आणि मोठा घ्यायचा. सगळ्यात मोठ्या पाळीतल्या प्रत्येक माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर, किंवा रोजच्या प्रत्येक टनामागे मिनिटाला २.५ घनमीटर. प्रश्न ६ मधल्या पॅनलला ५० माणसं असतील तर ३०० घनमीटर, आणि २५० टनांचे ६२५. म्हणजे ६२५ पाहिजे.

आता इथे बहुतेकांची परीक्षेतही आणि खाणीतही गफलत होते. ही हवा फॅनपाशी मोजायची नाही, शेवटच्या व्हेंटिलेशन कनेक्शनला, म्हणजे फेसच्या (कोळसा तोडतात त्या टोकाच्या) आधीच्या हवेच्या जोडवाटेला, पोचलेली पाहिजे. जुन्या पसरलेल्या खाणीत स्टॉपिंग फुटलेले, एअर क्रॉसिंग (हवेचे दोन रस्ते एकमेकांवरून जातात ती जागा) गळके, दरवाजे उघडे ठेवलेले, त्यामुळे निम्मी हवासुद्धा फेसपर्यंत जात नाही. फॅन मोठा बसवण्याआधी गळती बुजवा, कितीतरी स्वस्त पडतं. बाकी मर्यादा: ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली नको, कार्बन डायऑक्साइड ०.५ च्या वर नको, आणि वेट बल्ब (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) तापमान ३३.५ डिग्रीच्या पुढे जाऊ द्यायचं नाही.

८. आमची खाण 'डिग्री वन' आहे, म्हणजे गॅस नाही असंच ना?

असं अजिबात समजू नका. डिग्री वन म्हणजे हवेत ज्वलनशील वायू ०.१ टक्क्यापर्यंत आणि टनामागे उत्सर्जन १ घनमीटरपर्यंत. डिग्री टूमध्ये उत्सर्जन १० घनमीटरपर्यंत, त्याच्या वर थ्री. वर्धा खोऱ्यातल्या बहुतेक खाणी वनमध्ये येतात, पण हवा बंद पडलेल्या उंच कोपऱ्यात, छत पडून झालेल्या पोकळीत मिथेन साठू शकतो. डिग्री कुठलीही असो, १.२५ टक्के दिसला की माणसं बाहेर आणि वीज बंद. आणि कोळशाची धूळ डिग्री बघून उडत नाही, स्टोन डस्टिंग (दगडाची पूड मारणं) सगळीकडे करायचं.

९. छताचा सपोर्ट कसा ठरवतात? बोल्ट किती, किती लांब?

आधी आरएमआर (रॉक मास रेटिंग) काढतात, म्हणजे छताला १०० पैकी मार्क. थरांची जाडी ३० मार्क, भेगा वगैरे २५, पाण्यानं विरघळतो का त्याचे २०, ताकद १५, पाणी झिरपतं का त्याचे १०. ४० च्या खाली आलं तर छत खराब, ६० च्या वर चांगलं. त्यावरून छताचं ओझं आणि त्यावरून बोल्टची (छतात बसवायच्या लोखंडी दांड्यांची) संख्या. २०१७ च्या रेग्युलेशन्सनंतर हे सगळं स्ट्रॅटा कंट्रोल अँड मॉनिटरिंग प्लॅनमध्ये (छत सांभाळायच्या आराखड्यात) लिहून ठेवावं लागतं, बोल्टची पुल टेस्टही (ओढून बघायची चाचणी) करावी लागते.

पण एक सांगतो. आरएमआर एका ठिकाणचा असतो आणि गॅलरी रोज पुढे जाते. मायनिंग सरदार (पाळीत फेसची सुरक्षा बघणारा) काठीनं छत ठोकून बघतो, ठण्ण आवाज आला तर छत एकसंध, भद्द आला तर थर सुटलाय. त्यानं काठी टेकवून 'इथे नको' म्हटलं तर मॅनेजरनं सुद्धा ऐकलं पाहिजे. प्लॅनमध्ये या थांबण्याचा वेळ धरलेला नसतो, तो धरा.

१०. रोजचं उत्पादन खरंखुरं कसं धरायचं?

ड्रिलिंग-ब्लास्टिंग आणि एसडीएल किंवा एलएचडी लोडरवर चालणारी खाण असेल तर फेस मोजून. ४.२ गुणिले ३ मीटरचा फेस, एका राउंडला १.२ मीटर पुल (एका ब्लास्टमध्ये सुटणारी खोली), म्हणजे १५ घनमीटर, साधारण २१ टन. पाळीत पाच फेस वाजले तर १०५ टन. पण ब्लास्टिंगनंतर धूर निघायला वेळ, छत ड्रेस करायला (सुटे दगड पाडायला) वेळ, बोल्टिंगला वेळ, मग लोडिंग, आणि माणूस इन्क्लाइनच्या तोंडापासून फेसपर्यंत चालत जाण्यात आणि परत येण्यात पाळीतले दोन तास सहज जातात. मॅन रायडिंग (माणसं नेणारी-आणणारी गाडी) बसवलं की उत्पादन वाढतं ते याच्यामुळे. बेल्ट एकच असेल तर बंकर (कोळसा साठवायची जागा) ठेवा, नाहीतर बेल्ट थांबला की सगळे फेस थांबले.

११. कंटिन्युअस मायनर किंवा लाँगवॉल आणलं तर प्रश्न सुटतील?

काही सुटतील, काही नवीन येतील. कंटिन्युअस मायनर ब्लास्टिंगशिवाय कोळसा कापतो, शटल कार तो उचलून नेते, उत्पादन कितीतरी पटीनं वाढतं. त्याला गॅलरी रुंद लागते, म्हणजे प्रश्न ४ मधल्या ४.८ च्या पुढे, त्यासाठी डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) वेगळी परवानगी आणि छताचा वेगळा अभ्यास. जुन्या अरुंद, वाकड्यातिकड्या गॅलऱ्यांमध्ये हे मशीन कोंबायचा हट्ट करू नका, नवीन सलग भाग असेल तिथे घ्या.

लाँगवॉलमध्ये पॅनलच्या दोन बाजूंनी गॅलऱ्या काढून मधली पूर्ण भिंत शिअररनं कापतात, पॉवर्ड सपोर्ट स्वतः पुढे सरकतात. तेलंगणातलं अड्रियाला हे आपल्या शेजारचं चांगलं उदाहरण. पण छत्तीसगडच्या चुरचामध्ये वर डोलेराइटचा जाड कडक थर होता, तो एकदम तुटून भार आला आणि सपोर्ट दबले. मशीन चांगलंच होतं, त्या छताला पुरणारं नव्हतं. म्हणून पुन्हा प्रश्न २: आधी छत बघा.

१२. आमची सीम खूप जाड आहे, एका वेळी सगळी का काढत नाही?

वर्धा खोऱ्यातल्या जाड सीमबद्दल हा प्रश्न नेहमी येतो. ३ मीटरच्या गॅलरीनं एवढी जाडी एका फटक्यात हाताळता येत नाही, म्हणून टॉप सेक्शन, बॉटम सेक्शन असे मजले करतात. दोन मजल्यांच्या मधे निदान ३ मीटर पार्टिंग (मधला न काढलेला थर) पाहिजे, आणि पार्टिंग ९ मीटरपेक्षा कमी असेल तर वरचा पिलर बरोबर खालच्या पिलरच्या डोक्यावर यायला हवा. सर्व्हे थोडा जरी चुकला तर वरचा पिलर खालच्या गॅलरीवर येतो. छत पाडून काढायचं असेल तर वरून खाली यायचं, वाळू भरून काढायचं असेल तर खालून वर.

१३. शेजारी जुनी बंद खाण आहे, पाणी भरलंय. किती जवळ जाता येतं?

६० मीटरच्या आत परवानगीशिवाय नाही, आणि परवानगी मिळाली तरी पुढे बोअर मारत मारत जायचं, मधला बोअर आणि बाजूचे बोअर, आणि ते फेसच्या निदान ३ मीटर पुढे असलेच पाहिजेत. हा नियम माणसं गमावून आलाय. १० डिसेंबर १९५४ ला छिंदवाड्याच्या न्यूटन चिखलीत पाणी घुसून ६३ माणसं गेली. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनालात ३७५.

जुना नकाशा आणि आपला सर्व्हे जुळत नसेल तर कुठला खरा धरायचा, असंही विचारतात. कुठलाच नाही. जुन्या मालकांच्या काळात नकाशात न दाखवता कोळसा काढलेला असू शकतो, त्यामुळे जो वाईट असेल तो खरा धरा आणि बोअर मारून खात्री करा. चांगल्या नकाशाची किंमत बघायची असेल तर १९८९ ची राणीगंजची महाबीर खाण आठवा. पाणी घुसल्यावर आत अडकलेली माणसं कुठल्या जागी असतील हे नकाशावरून काढलं, वरून नेमका तिथे बोअर मारला आणि जसवंतसिंग गिल स्टीलच्या कॅप्सूलमधून खाली उतरले. ६५ जण जिवंत वर आले.

१४. गावाखालचा, नदीखालचा कोळसा काढता येतो का?

डेव्हलपमेंट परवानगी घेऊन होऊ शकतं, पिलर काढायचे तर वाळू भरावी लागते. याला स्टोइंग म्हणतात, वाळू आणि पाणी पाइपनं खाली सोडायचं, पाणी निथळतं, वाळू बसते. छत पाडलं तर वरची जमीन काढलेल्या जाडीच्या निम्म्याहून जास्तही खचू शकते, स्टोइंगनं ते पाच टक्क्यांच्या आसपास येतं. पण नदीची वाळू आता मिळत नाही आणि महागही पडते. म्हणून ओव्हरबर्डन (ओपनकास्टमधली वरची माती-दगड) चाळून केलेली वाळू किंवा वीज केंद्राची राख वापरायचं बोललं जातं. चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं केंद्र शेजारी आहे, राखेचे डोंगर आहेत, खाली पोकळ्या आहेत, हे जुळवायला एवढा वेळ का लागावा हे मला खरंच कळत नाही. राख निथळायला वाळूपेक्षा वेळ घेते, बंधारा फुटला तर गाळ येतो, या अडचणी आहेत, पण त्या सुटण्यासारख्या आहेत.

१५. परवानग्या किती लागतात?

बऱ्याच. कोळसा मंत्रालयाकडून मायनिंग प्लॅन आणि त्याच्यासोबतच माइन क्लोजर प्लॅन, पर्यावरण मंजुरी, जंगल असेल तर वन मंजुरी, प्रदूषण मंडळाची संमती, भूजलाची एनओसी, स्फोटकांच्या मॅगझिनचं लायसन्स, आणि कामाच्या पद्धतीसाठी डीजीएमएस. क्लोजरचे पैसे सुरुवातीपासून एस्क्रो (याच कामासाठी राखून ठेवलेल्या) खात्यात भरावे लागतात. अंडरग्राउंडला जमीन कमी लागते म्हणून जंगल मंजुरी लागतच नाही असा समज आहे, तो चुकीचा, वरती झाड तोडायचं नसलं तरी जंगलाखाली काम करायला मंजुरी लागते.

१६. माझं घर किंवा प्लॉट जुन्या खाणीवर आहे का, कसं कळेल?

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, खाली जुन्या खाणीचं काम होतं. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. त्यानंतर हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

बंद केलेल्या खाणीचे नकाशे डीजीएमएसकडे जमा करावे लागतात, आणि चालू कंपनीच्या एरिया सर्व्हे विभागाकडेही जुने प्लॅन असतात. प्लॉटचा सर्व्हे नंबर आणि मोजणीचा नकाशा जोडून लेखी अर्ज करा, तोंडी विचारून उत्तर मिळत नाही, उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार आहेच. प्लॉट घेण्याआधीच करा, बिल्डरच्या शब्दावर जाऊ नका. 'खाली वाळू भरलीय' असं कोणी सांगितलं तर स्टोइंगचा प्लॅन दाखवायला सांगा, कारण अर्धवट भरलेली पॅनल्स असतात. उथळ खोलीवरचे उभे पिलर सगळ्यात धोक्याचे, ते वर्षानुवर्षं झिजतात आणि वर गोल खड्डा पडतो, बहुतेक वेळा पावसाळ्यात.

भिंतीला नवीन तिरकी भेग, दार अचानक घट्ट होणं, विहिरीचं पाणी एकाएकी उतरणं, थंडीच्या सकाळी जमिनीतून वाफ किंवा धूर, यातलं काहीही दिसलं तर आधी घराबाहेर पडा, मग तहसीलदार आणि खाण मॅनेजर दोघांनाही कळवा आणि अर्जाची पोच घ्या. पडलेल्या खड्ड्यात स्वतः मुरूम टाकायला जाऊ नका, खड्ड्याच्या कडा वरून दिसतात त्यापेक्षा आतून खूप पुढपर्यंत पोखरलेल्या असतात.